दोन्ही गुरदे

ताईला देवाशी बोलायची एकच रीत ठाऊक होती. सकाळी चहाचं पाणी उकळायच्या आत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं, डोळे घट्ट मिटायचे, बायबल कुठेतरी मधोमध उघडायचं आणि उजव्या हाताचं बोट पानावर टेकवायचं. बोटाखाली येईल ते त्या दिवसाचं वचन. ही रीत आईची. आईने सगळा संसार या बोटावर चालवला होता. भाड्याचं घर बदलायचं की नाही, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, सांगून आलेल्या मुलाला होकार द्यायचा का, सगळं बोट ठरवायचं. ताईच्या नवऱ्याची निवड तर बोटाखाली आलेल्या उंटांच्या एका कळपाच्या भरवशावर झाली होती. तो बिचारा आपल्या गुणांमुळे पसंत पडलो या समजात इतकी वर्षं सुखी होता, आणि कुणी त्याचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलं नव्हतं.

जोवर प्रश्न लहान होते तोवर या रीतीने कुणाचं काही बिघडलं नाही. बोटाखाली काहीही येवो, ताई त्यातून अर्थ काढण्यात पटाईत होती. आणि अर्थ बहुतेक वेळा तिच्या मनात आधीच असायचा तोच निघायचा. पण मग धाकट्याच्या किडन्या गेल्या.

धाकटा म्हणजे तिचा एकुलता एक भाऊ. फ्रीज दुरुस्त करायचा, दिवसभर लोकांच्या घरी जमिनीवर आडवा पडून गमती सांगायचा. आता तो एक दिवसाआड इस्पितळात मशीनला जोडून पडायचा आणि तिथल्या नर्सना गमती सांगायचा. आईला साखरेचा त्रास, वर वय झालेलं, तिची किडनी चालणार नव्हती. ताईच्या तपासण्या झाल्या आणि तिची जुळली. इस्पितळातून फोन आला, ‘शुक्रवारी या, आणि एकट्याच या. डॉक्टरांना तुमच्याशी बोलायचं आहे, त्यानंतर तुमचा निर्णय सांगा.’

निर्णय! ताईने आयुष्यात भाजी कुठली आणायची याच्यापलीकडे स्वत:चा म्हणून निर्णय घेतला नव्हता. 

आईचा रोज फोन. “वचन मिळालं का गं?”

“अजून नाही, आई.”

“मिळेल. माझ्या पोराला देव असा सोडायचा नाही. तू नीट प्रार्थना करून बोट ठेव. घाई करू नकोस.”

सोमवारी ताईने नीट प्रार्थना करून बोट ठेवलं, तर खाली निवासमंडपाचे, म्हणजे देवासाठी उभारलेल्या तंबूचे पडदे आले. किती हात लांब, किती हात रुंद, निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताचे. तिने बराच वेळ विचार केला. तपासणीच्या खोलीतला पडदा निळाच होता की! म्हणजे हो? पण मग जांभळा आणि किरमिजी कुठे आहेत? किरमिजी म्हणजे रक्त तर नव्हे? तिचा चहा उकळून उकळून काळा झाला.

मंगळवारी तिचं बोट लेवीयच्या पुस्तकात, अर्पणांच्या नियमांवर पडलं. तिने डोळे उघडले आणि वाचलं. दोन्ही गुरदे, आणि त्यांच्यावरची चरबी, वेदीवर जाळून टाकावी.

गुरदे म्हणजे किडन्या. हे तिला लहानपणापासून माहीत होतं, कारण पवित्र शास्त्रात तोच शब्द होता. पण तिची नजर गुरद्यांवर नव्हती, ‘दोन्ही’वर होती. इस्पितळ एक मागत होतं. देव दोन्ही म्हणत होता. एक धाकट्याला जाणार आणि राहिलेली दुसरीही जाणार, ऑपरेशनच्या टेबलावरच जाणार, याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं? तिने पुस्तक मिटलं, पुन्हा उघडून बोट ठेवावं असा मोह झाला, पण एकदा मिळालेलं वचन नको म्हणून दुसरं मागायचं म्हणजे देवाला परत पाठवण्यासारखं. आईने ते कधी चालवून घेतलं नसतं. ताईने गॅस बंद केला आणि चहा न घेताच कामाला गेली.

ती कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये काम करायची. दंतवैद्यांकडून लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे येत, त्यांवर मेणात एकेक दात बसवायचा, वरचा जबडा आणि खालचा जबडा एका छोट्या यंत्रात अडकवून उघड-मिट करून पाहायचा, चावा जुळला की पुढच्या टेबलाला द्यायचा. कामात ती अशी चोख की तिचा चावा कधी परत येत नसे. त्या दिवशी मात्र तिने एका आजोबांचा वरचा जबडा कुणा बाईंच्या खालच्या जबड्याशी जुळवायचा घाट घातला आणि अर्धा तास का जुळत नाही म्हणून साच्यावरचे दात घासत बसली. लॅबच्या मालकिणीने येऊन दोन्ही साच्यांवरचे आकडे बघितले आणि कपाळाला हात लावला. “अहो ताई, या दोघांचं लग्न लावताय की काय?” बाकीच्या हसल्या. ताईही हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. ते तिने प्लास्टरची धूळ डोळ्यांत गेली म्हणून निभावून नेलं.

संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. आवाज थकलेला, पण खोड जात नव्हती. “काय ताई, आज वरून हवामानाचा अंदाज काय?”

“गप रे. थट्टा नको करू.”

“बरं, नाही करत. ऐक. देव नाही म्हणाला असं तू मला सांगितलंस ना, तर मी त्याच्याशी भांडेन. पण तू नाही म्हणालीस तर मी कुणाशीच भांडणार नाही. कळलं का? तुझ्याशी तर नाहीच.”

“तेच ना ते,” ताई म्हणाली.

“तेच नाही,” धाकटा म्हणाला आणि खोकला आला म्हणून त्याने फोन ठेवला. त्याला काय म्हणायचं होतं ते ताईला त्या वेळी कळलं नाही. तिच्या डोक्यात वेदीवरचा जाळ पेटलेला होता.

बुधवारी संध्याकाळी चर्चच्या मंडळीतले सात-आठ जण बायबल अभ्यासाला मास्तरांच्या घरी जमत. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. डोक्यावर केस नाहीत आणि जिभेवर साखर नाही. कुणीही एखादं वचन म्हणून दाखवलं की यांचा प्रश्न ठरलेला, ‘मागे काय आहे? पुढे काय आहे?’ त्यामुळे पाठीमागे सगळे त्यांना मागेपुढे मास्तर म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं, फक्त तसं दाखवत नसत. ताई या अभ्यासाला वर्षभर येत होती, पण तिला तो रटाळ वाटे. एका अध्यायाला महिना लावायचा म्हणजे काय? तिचं बोट एका मिनिटात उरकायचं.

त्या दिवशी तिने सुरुवातीलाच हात वर केला आणि सगळं सांगून टाकलं. पडदे, गुरदे, दोन्ही, शुक्रवार. शिंपीणबाई तिच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी ताईचा हात धरला आणि डोळे मोठे केले. “अगं बाई! हा तर सरळसरळ इशारा आहे. जाऊ नकोस तू. प्रभूने वाचवलं तुला.”

मनात होतं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते दुप्पट खरं वाटतं.

“कुणाचे?” मास्तरांनी विचारलं.

“काय कुणाचे?”

“गुरदे. कुणाचे गुरदे? मागे वाच.”

ताईने पान उघडलं. मागे वाचलं. “बैलाचे,” ती हळूच म्हणाली.

“बैलाचे. गाय असेल तर गाईचे, पुढे मेंढराचे आणि बकऱ्याचेही आहेत. तू यांतली कोण?” कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांनी तिकडे रागाने पाहिलं, जसं काही विनोद त्या माणसानेच केला होता. “आता पुढे काय आहे? चार पानं उलट. हे शांतीचं अर्पण आहे. चरबी आणि गुरदे वेदीवर, याजकाचा वाटा याजकाला, आणि राहिलेलं मांस? वाच.”

ताईने शोधून वाचलं. राहिलेलं मांस अर्पण करणाऱ्याने त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी खायचं होतं. कुणी आभार मानायला हे अर्पण आणायचा, कुणी नवस फेडायला, कुणी नुसतं आपल्या खुशीने.

“म्हणजे ही पंगत आहे,” मास्तर म्हणाले. “देवाबरोबरची पंगत. तू जिला स्वत:ची मयत समजून दोन दिवस उपाशी फिरते आहेस ती.”

ताईच्या जिवात जीव आला. तिने भराभर डोळे पुसले. “म्हणजे हो! खुशीने द्यायचं अर्पण. म्हणजे देव हो म्हणतोय, मास्तर!”

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर आपटला. “अगं, हो नाही आणि नाहीही नाही! तो बैल आहे, ताई. त्यात तुझ्या ऑपरेशनबद्दल अक्षर नाही. तू घाबरलीस की शास्त्र उघडतेस, मनात आधीच असतं तेवढं वाचतेस आणि मिटून टाकतेस. मग मन नवं व्हायचं कधी? रोज जुनंच मन बोट ठेवतंय.”

हे तिला लागलं. सगळ्यांसमोर बोलले म्हणून जास्त लागलं. पण त्याहून मोठी धास्ती दुसरीच होती, आणि ती तिच्या तोंडून निघून गेली. “मग मला सांगणार कोण?”

मास्तरांनी चष्मा उचलला. चष्म्याची काच शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. “मला माहीत नाही,” ते शेवटी म्हणाले. “एक कर. आत्ता आणि उद्या, वेळ मिळेल तेव्हा बायबलातलं रोमकरांस पत्र पहिल्या ओळीपासून वाच. बाराव्या अध्यायापर्यंत ये. एकच पथ्य. वाचताना स्वत:बद्दल काहीही विचारायचं नाही. पत्र आहे ते. लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय ते आधी ऐकून घे.”

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ताई लॅबच्या मागच्या खोलीत प्लास्टरच्या पोत्यावर बसली आणि आदल्या संध्याकाळी जिथे सोडलं होतं तिथून वाचू लागली. सोपं नव्हतं. एकेक वाक्य असं लांबलचक की शेवटाला येईपर्यंत सुरुवात हातची सुटायची. सुंतेचा भाग तिला मुळीच कळला नाही. आणि मरण! त्या पत्रात पानोपानी मरण होतं. तो शब्द आला की बोट आपोआप तिथे जाऊन थांबायचं. एरवी तिने तिथेच पुस्तक मिटलं असतं आणि दिवसभर तो शब्द उराशी घेऊन फिरली असती. पण पथ्य होतं, थांबायची सोय नव्हती. ती पुढे वाचायची, आणि पुढे दर वेळी आणखी काहीतरी असायचं. मरणाच्या पुढे जीवन असायचं, दंडाच्या पुढे सुटका, उसाशांच्या पुढे आशा. मधोमध सोडलेल्या वाक्यांनी तिला जन्मभर किती भिववलं होतं!

हातात एकच दात घेऊन माणसाचं तोंड कसं होतं ते कुणी सांगू शकत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि तरी इतकी वर्षं ती शास्त्राला नुसतं विचारत आली होती. वाचलं मात्र ते तिने कधीच नव्हतं.

बाराव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तिचा श्वास अडकला. आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून देवाला द्या, अशी विनंती होती तिथे. शरीरं! अर्पण! बोट शिवशिवलं. हेच, हेच ते वचन, आईला आत्ता फोन करावा. तिने फोन हातात घेतलासुद्धा. मग स्वत:वरच चिडून तो पोत्यावर उपडा ठेवला आणि पुढची ओळ वाचली. या जगाच्या साच्यात बसू नका, मन नवं होऊ द्या, तुम्ही बदलून जा, म्हणजे देवाला काय आवडतं ते तुम्हाला पारखता येईल, अशा अर्थाचं होतं ते. तिने ते तीनदा वाचलं. तुम्हाला पारखता येईल. कुणी सांगेल असं नव्हतं तिथे. पारखायचं काम वाचणाऱ्यावरच टाकलं होतं.

तिला शांती मिळाली असं इथे लिहायला बरं वाटलं असतं, पण तसं काही झालं नाही. भीती होती तेवढीच होती. फरक एवढाच पडला होता की काल-परवापर्यंत ती भीती देवाचा आवाज काढून बोलत होती आणि आता नुसती भीती म्हणून समोर बसली होती. भुलीच्या इंजेक्शनातून जाग न येण्याची भीती. मुलगी अजून शाळेत जाते, तिची भीती. सगळं करून किडनी धाकट्याच्या अंगी लागलीच नाही तर, ही भीती. ताईने आयुष्यात पहिल्यांदा त्या एकेक करून समोर घेतल्या.

संध्याकाळी नवरा मोरीतला नळ खोलून बसला होता. तपासण्यांचा निकाल आल्यापासून त्याने घरातला एकही नळ धड ठेवला नव्हता. चांगले असलेले खोलायचा आणि दुरुस्त करायचा.

“अहो, तुम्हाला काय वाटतं?” ताईने दारातून विचारलं. हा प्रश्न तिने त्याला याआधी विचारला नव्हता, हे विचारताना तिच्या लक्षात आलं आणि तिला लाज वाटली.

तो पाना फिरवायचा थांबला. “मला वाटतं, देऊ नकोस. आणि नाही दिलीस तर तू स्वत:ला खात बसशील, तेही मला नको. दोन्हीकडून मला काही सुचत नाही. म्हणून हे करतो.” त्याने पुन्हा पाना लावला. “जे ठरवशील त्यात मी आहे. पण ठरव तू.”

शुक्रवारी ताई लॅबमधून परस्पर इस्पितळात गेली, तर तिथल्या बाकावर आई आधीच येऊन बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. “काय मिळालं?” तिने विचारलं. ताई उत्तर देणार एवढ्यात नर्सने नाव पुकारलं.

डॉक्टरबाई तिच्याच वयाच्या होत्या. त्यांनी दार लावून घेतलं, फाइल बाजूला सारली आणि सरळ विषयाला हात घातला. “इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. तुम्हाला द्यायची नसेल तर मी घरच्यांना एवढंच सांगेन की तुमची किडनी देण्यायोग्य नाही. कारण सांगणार नाही. तुमच्या भावाला, आईला, कुणालाच कधी कळणार नाही.”

एवढं सोपं दार कुणी उघडून दिलं असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. आणि लगेच आतून जुनं मन कुजबुजलं, हाच इशारा, हेच ते वचन, पळ. तिला तो आवाज ओळखू आला. चांगलाच ओळखीचा होता.

“मला भीती वाटते,” ती म्हणाली. “खूप. परवापर्यंत मला वाटत होतं मी टेबलावरच मरणार.”

“ती शक्यता फार थोडी आहे, पण शून्य नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मी खोटं सांगणार नाही.”

“आणि त्याला लागू नाही पडली तर?”

“तसंही होतं कधीकधी. वर्षभरात निकामी झाली तर तुम्ही काय कराल?”

ताईने विचार केला. खरंच विचार केला, घाईने उत्तर नाही दिलं. “रडेन. त्याच्यावर रागावेन थोडी, त्याने पथ्य नाही पाळलं तर जास्तच रागावेन. पण दिली ते चुकलं असं नाही म्हणणार.”

“तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?”

“आईचा आहे,” ताई म्हणाली, आणि आपण हे बोललो याचं तिलाच नवल वाटलं. “तिचा असायचाच, तिचा मुलगा आहे तो. पण म्हणून नाही देत. तो माझ्याहून लहान आहे, मशीनला जोडून पडलेला असतो आणि मला फोन करून हसवतो. मला तो हवा आहे. सगळं पाहून, घाबरत घाबरत, मी हो म्हणते आहे. चालेल का असं?”

“घाबरत म्हटलेलं मला जास्त चालतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. तरी त्यांनी तिला सही करू दिली नाही. ऑपरेशनच्या दारापर्यंत कधीही मागे फिरता येईल, घरी जा, पुन्हा विचार करा, म्हणून बजावलं.

बाहेर आई उभी होती. हातातल्या रुमालाचा बोळा झाला होता. “काय झालं? काय म्हणालीस?”

“हो म्हणाले.”

आईने डोळे मिटून छातीवर हात ठेवला. “स्तुती असो. कुठलं वचन मिळालं गं? सांग तरी.”

“नाही मिळालं, आई.”

“असं कसं? कुठे बोट पडलं?”

“बोट ठेवलं नाही. दोन दिवस नुसतं वाचत बसले. देवाने मला हो सांगितलं नाही आणि मला काही होणार नाही असंही नाही सांगितलं. मी ठरवलं.”

वचन असतं तर लेकीच्या जिवाची हमी देवाने घेतली असती, आईला त्यात लक्ष घालायचं कारण नव्हतं. आता हमी नव्हती. समोर नुसती तिची मुलगी उभी होती, केसांत प्लास्टरची पांढरी धूळ घेऊन. आईचा चेहरा हळूहळू उतरला. तिने ताईचं मनगट धरलं, असं घट्ट की बांगडी रुतली.

“आणि तुला काही झालं तर गं?”

इतक्या दिवसांत आईने हे एकदाही विचारलं नव्हतं. ताईला तिथेच भडभडून आलं. येणारेजाणारे बघत होते, तरी तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

“मलाही तीच भीती वाटते, आई,” ती म्हणाली. “तू धरून राहा मला जरा.”